डावी पाकळी

भानाईची मालिका संध्याकाळी लागते, त्या वेळी शालनला फोन करायचा नाही, हे आमच्या नात्यात सगळ्यांना ठाऊक आहे. शालन माझी धाकटी बहीण. मुळगावात तिचं सासर. नवरा गेला, मुलगा-सून कामावरून उशिरा येतात, आणि ती टीव्हीसमोर चपला काढून, पाय खाली सोडून, हात मांडीवर ठेवून ताठ बसते. टेकून बसत नाही. भानाई कोण, हे आमच्या बाजूच्या माणसाला सांगावं लागत नाही. दूरच्या कुणी हे वाचलं तर म्हणून सांगतो. सातशे वर्षांपूर्वी घाटावर होऊन गेलेली ती रंगाऱ्याची लेक. निळीच्या हौदात कापडं बुडवून तिचे हात कायमचे निळे झालेले. असल्या डागाळलेल्या हातांनी देवाला शिवायचं नाही म्हणून तिला उंबऱ्याबाहेर ठेवलं, आणि एका सकाळी बंद गाभाऱ्यात देवाच्या पावलांवर निळी बोटं उमटलेली दिसली, अशी कथा आहे. शालनने आजवर चार भानाया पाहिल्या. पहिली तंबूतल्या पडद्यावर, दुसरी कॅसेटवर, तिसरी रविवारी सकाळी लागायची ती, आणि ही आताची, जिच्यात भानाईने डोळे मिटले की आकाशातून ठिणग्या पडतात. "हिचे हात बघ, दादा," शालन मला म्हणाली होती. "नीळ अशी मनगटार सरळ रेघ मारून थांबता काय? नखांत काळी होता, वर वर जाता तशी फिकी होता. ह्यांच्यात कोणी रंगारी बघलेलो नाय." तिची सून हसून म्हणते, आमच्या आई फार भाविक आहेत. शालन त्या पडद्यात काय शोधत असते ते मला माहीत आहे. या आठवणी लिहायला घेतल्यापासून मी शाळा लिहिली, वडील लिहिले, नोकरी लिहिली, आणि हे प्रकरण पुढे ढकलत आलो. आता ढकलता येत नाही. का येत नाही, ते शेवटी येईल.

आमच्या गावाचं नाव मी लिहिणार नाही. पेडण्याजवळच्या पार्श्यापासून तासाभराच्या चालीवर, डोंगराच्या कुशीत, एवढं पुरे. बाबांचा रस्त्याला लागून छोटा पसरा होता, म्हणजे दुकान. मीठ, गूळ, काड्यापेट्या, घासलेट, दोरखंड. मागे घर, घरामागे काजूची बाग. उन्हाळ्यात बोंडवांचा, म्हणजे काजूच्या फळांचा, तो आंबूस गोड वास घरभर भरलेला असायचा, कपाटातल्या कपड्यांनासुद्धा यायचा. सकाळी पेज, सोबत भाजलेला सुका बांगडा; दुपारी माशाचं हुमण आणि भात; संध्याकाळी पावाबरोबर आईच्या हातचं चवळीचं तोणाक. आई कमी बोलायची. तिचा आवाज म्हणजे रगड्याचा आवाज. ती खोबरं वाटताना तो एका लयीत घरघरायचा, आणि त्या लयीवर शालन मागच्या पडवीत बसून काजू सोलता सोलता गुणगुणायची. काजूच्या चिकाने तिची बोटं काळी पडलेली असत. मला अजून कधी रगड्याचा आवाज आला तर आधी तिचं गुणगुणणं ऐकू येतं. मग आठवतं की ते पुढे बंद झालं.

देवीच्या उत्सवात आमच्या गावचं नाटक व्हायचं. गावातले पुरुषच बायांची कामं करायचे. घरंदाज बाई रंगमंचावर उभी राहणं कुणाच्या मनातही यायचं नाही. सतराव्या वर्षी मला भानाईचं काम मिळालं, आणि ओळीने तीन वर्षं मीच ते केलं. फुशारकी म्हणून सांगत नाही, पण मी बरा करायचो. आवाज बारीक होता, बांधा सडपातळ होता. कपड्यांना घालायची नीळ पाण्यात कालवून हातांना लावली की माझं मलाच वेगळं वाटायचं. पहाटे नाटक संपलं की बायका रांगेने यायच्या आणि माझ्या पाया पडायच्या. म्हाताऱ्यासुद्धा. ओटीत नारळ घालायच्या. त्या वेळी मी दुकानदाराचा सदा नव्हेच. मी भानाई असायचो, आणि त्यांना वर उठवताना माझा निळा हात त्यांच्या खांद्यावर उमटायचा, तो डाग त्या आठवडाभर धुवायच्या नाहीत. बाजारात पोरं मला चिडवायची, "गे भानाय, खंय चल्लंय?" मी रागावल्यासारखं करायचो. आतून मला ते आवडायचं. एकोणीस-वीस वर्षांच्या, मॅट्रिकला दोनदा नापास झालेल्या मुलाकडे गावात दाखवायला दुसरं काही नव्हतं.

नाटकाची वही घरी असायची. माझी तालीम शालन घ्यायची. ती वही हातात धरून बसायची आणि मी पडवीत फेऱ्या मारत बोलायचो. काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं की ती वही उघडीतच नाही. "बघून सांग गो," मी म्हणायचो. "बघूचां कित्याक?" ती म्हणायची. "माझ्या तोंडात आसा." मला त्यात काही वावगं वाटलं नाही. माझं नाटक तिला पाठ असणं हे मला माझ्याच मोठेपणाचं वाटायचं.

मग सिनेमावाले आले. भानाईवर चित्रपट काढत होते. घाटावर आता जुनं काही उरलं नाही म्हणून त्यांनी आमच्या बाजूची दगडी दीपमाळ, तळी, लाल वाटा पसंत केल्या होत्या. डिचोलीला एका मोठ्या घरात त्यांनी तळ टाकला होता. थोरली भानाई मुंबईची नटी करणार होती. पण दीक्षा घेण्याआधीची, सोळा-सतरा वर्षांची भानाई करायला ठरलेली मुलगी तापाने आडवी झाली आणि तिच्या घरच्यांनी तिला परत नेलं. दिग्दर्शकांना सगळे अण्णा म्हणायचे. पन्नाशीचे, ठेंगणे, सतत घाम पुसणारे गृहस्थ. कुणीतरी त्यांना सांगितलं, त्या गावात एक पोरगा भानाई करतो, एकदा बघा. ते जीपने थेट आमच्या दारात आले. मला वाटलं, माझ्यासाठी आले. आजही तो क्षण आठवला की मला लाज वाटते, कारण मी आत जाऊन आधी दाढी केली, पुन्हा एकदा, उलट्या पात्याने.

अंगणात, विहिरीजवळ, मी त्यांना उंबऱ्यावरचा प्रवेश करून दाखवला. बाबा पसऱ्याच्या दारात उभे. आई खिडकीत. अण्णा नीट बघत होते. बरोबरचा कॅमेरावाला मात्र माझ्या हनुवटीकडे बघत होता. मध्येच मला ते दिसलं, आणि माझं वाक्य हरवलं. तेव्हा मागून, पडवीच्या खांबाआडून, शालनने ते पुढे केलं. ते कुजबुजणं नव्हतं. तालमीत सांगायची तसंही नव्हतं. तिने ते भानाईसारखं म्हटलं.

"डाग माझ्या हातावर आहे, देवा. रंग तुझाच आहे."

मी हे वाक्य छातीवर हात आपटून म्हणायचो, आणि मंडप रडायचा. तिने ते एखाद्याला वेळ सांगावी तसं म्हटलं. तरी अंगणात कुणी हललं नाही. अण्णांनी घाम पुसायचा हात तसाच धरला.

"पोरी, पुढे ये," ते म्हणाले. "परत म्हण."

ती बाबांकडे बघून पुढे आली. काजूच्या चिकाने काळी झालेली बोटं तिने पदराआड लपवली. अण्णा म्हणाले, "हात दिसू देत. हात बाहेरच ठेव." तिने परत म्हटलं. मग अण्णांनी मागचं-पुढचं विचारलं, आणि तिने सगळा प्रवेश म्हटला, पुजाऱ्याची वाक्यंसुद्धा. कॅमेरावाला हळूच म्हणाला, "बस, सापडली." अण्णा माझ्याकडे वळले. माणूस चांगला होता. "तू शिकवलंस हिला?"

मी "हो" म्हणू शकलो असतो. शालनने ते मान्यही केलं असतं. पण तिच्या म्हणण्यात माझं काहीच नव्हतं, हे मला आणि अण्णांना दोघांनाही दिसत होतं. "नाय," मी म्हटलं. "तिचां तीच." ते म्हणाले, "तुझा आवाज छान आहे बरं का. पण कॅमेरा फार जवळ येतो. दाढीची हिरवट रेघ लपत नाही." एवढं बोलून त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं.

बाबांची पंचाईत झाली. अण्णांनी सगळं सांगितलं: अठरा दिवसांचं काम, सगळं इथेच, त्यांची बायको मुलीजवळ राहील, हवं तर आईनेही यावं. बाबा ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "साहेब, तुमी बरे मनीस. पण उद्या हिचां लगीन करूचां आसा. सोयरीक घेवन येतलो तो आधी विचारतलो, सिनेमातली तीच काय म्हणान." आईने त्याच दुपारी पेटीतलं जपून ठेवलेलं निळं कापड काढलं आणि शालनच्या अंगाला लावून पोलक्याचं माप घेतलं. बाबांनी ते पाहिलं. पाहूनही ते ओरडले नाहीत, तेव्हा मला कळलं की त्यांच्याही मनात आहे. आपल्या लेकीत काही आहे हे त्यांनाही त्या अंगणात कळलं होतं. त्यांना 'हो' म्हणायचं होतं, पण ते 'हो' आपलं म्हणून गावासमोर ठेवायची छाती नव्हती. मग त्यांनी आमच्या बाजूचा माणूस अशा वेळी करतो तेच केलं. "देवीक प्रसाद लावया," ते म्हणाले. "ती उजवी देयत तर जांव दे. मागीर गावान बोलूचां नाय."

प्रसाद लावणं म्हणजे देवीला विचारणं. घर बांधायचं, मुलगी द्यायची, आजाऱ्याला कुठल्या डॉक्टरकडे न्यायचं, सगळं विचारलं जायचं. गुरव देवीच्या पाषाणाच्या उजव्या आणि डाव्या खांद्यावर फुलाची एकेक ओली पाकळी चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे वाट बघतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. कधी दोन मिनिटांत पडते, कधी दोन तास लागतात. तोवर कुणी उठत नाही. शालनला हे कळलं तेव्हा ती घाबरली नाही. ती म्हणाली, "देवी उजवीच देतली." गर्वाने नव्हे. तिने लहानपणापासून देवीपुढे रांगोळी घातली होती. घरच्या माणसाबद्दल बोलावं तसं ती बोलत होती. अण्णांनी तिसऱ्या दिवसाच्या दुपारपर्यंत थांबायचं कबूल केलं. नाहीतर डिचोलीत बघितलेल्या दुसऱ्या मुलीला घेऊन काम सुरू करणं त्यांना भाग होतं.

ते तीन दिवस मी कसे काढले, हे कुणाला सांगितलं नाही. गावात एकच विषय. पसऱ्यावर मीठ घ्यायला आलेला माणूसही विचारायचा, "शालन करतली म्हणे? मगे तू रे सदा? तू तिची साडी धरतलं?" हसण्यावारी न्यायचं, हे मला जमायचं; त्या तीन दिवसांत जमलं नाही. संध्याकाळी मी तळ्यावर गेलो आणि एकटाच उंबऱ्यावरचा प्रवेश म्हणून पाहिला. तिच्यासारखा, छाती न बडवता. आला नाही. ती पडद्यावर गेली की माझी भानाई संपली. पुढच्या उत्सवात बायका माझ्या पाया पडतील खऱ्या, पण पडताना त्यांच्या डोळ्यांसमोर ती असेल. हा विचार माझ्या मनात स्पष्ट शब्दांत आला होता. मी रागाच्या भरात काही केलं, असं नंतर स्वतःला पुष्कळदा समजावून पाहिलं. ते खरं नाही. घराण्याची अब्रू वाचवली, असंही समजावलं. तेही खरं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही देवळात गेलो. पुरसो गुरवाला मोतीबिंदू झाला होता. पाकळ्या तो हाताच्या सवयीने लावायचा, पण पडलेली त्याला दिसायची नाही. म्हणून कुणीतरी गाभाऱ्याच्या आत निरांजन धरून उभं राहायचं. हे काम पुष्कळदा माझ्याकडे यायचं, कारण नाटकाच्या आधीची पूजा मी करायचो आणि सोवळं पाळायचो. मी विहिरीवर अंघोळ करून ओलेत्याने आलो. आमचा गाभारा दिवसाही काळोखा. त्या लहानशा वातीचाच काय तो उजेड. बाहेर बाबा, गावची दहाबारा माणसं, बायका एका बाजूला, त्यांत आई आणि उपाशी शालन. सभामंडपाच्या टोकाला चपला काढून अण्णा बसले होते आणि मनगटातल्या घड्याळाकडे न बघण्याचा प्रयत्न करत होते.

पुरसोने पाकळ्या लावल्या. मागे सरून गाऱ्हाणं घातलं. "बाय माउली, आज ह्या तुझ्या लेकरान तुझ्या पायाकडे फूल ठेवलां आसा. सिनेमावाले मागणी घेवन इले आसत. तुका मानवता तर उजवी दी. मानवत नाय तर डावी दी. पोरांका गोंधळात घालू नको, माये." सगळे म्हणाले, "व्हय माउली." मग तो मला म्हणाला, "सदा, वात मधी धर. हात हालवू नको."

मी मध्ये धरली. पाषाणावरचं पाणी चकाकत होतं. दोन्ही पाकळ्या गच्च बसलेल्या. पाच मिनिटं झाली, दहा झाली. बाहेर कुणीतरी खोकलं. एक मूल पाणी मागत होतं, त्याला त्याच्या आईने गप्प केलं. माझा हात भरून आला, मी निरांजन दुसऱ्या हातात घेतलं. आणि तेव्हा मला दिसलं की उजव्या पाकळीची कड सुटली आहे. केसभर. खालून हवा शिरल्यासारखी ती वर आली होती. दुसऱ्या कुणाला ते दिसत नव्हतं, मला दिसत होतं. आणखी थोडा वेळ, आणि ती पडणार होती.

मी हात देवीच्या डाव्या खांद्याकडे नेला. जास्त नाही, चार बोटं. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असेल, वात नीट धरतोय. ज्योत डाव्या पाकळीच्या खाली आली. पाकळीला लागली नाही. एवढी अक्कल मला होती, जळलेली पाकळी कुणीही ओळखली असती. नुसती जवळ. पाषाणावरचं पाणी तिथे आधी धूसर झालं, मग आटलं. पाकळीचा रंग थोडा काळवंडला. मी श्वास धरून उभा होतो. माझ्या डोळ्यांपुढे शालनचा चेहरा नव्हता, देवीचा नव्हता. मी फक्त उजवीकडे बघत होतो, की ती आधी पडू नये. आणि डावी सुटली, पाषाणावरून घसरत माझ्या अंगठ्याशी येऊन पडली.

"डावी," मी म्हटलं.

पुरसोने चाचपून पाकळी उचलली, बोटांत धरली. ती ऊन लागत होती का? क्षणभर तो थांबला असं मला वाटलं. पण तो बाहेर वळला आणि त्याने "डावी" म्हणून सांगितलं. तोवर उजवीही पडली. तिच्याकडे कुणी बघितलं नाही.

बाबांनी डोळे मिटून हात जोडले. अण्णा उठले, देवीला नमस्कार केला आणि शालनजवळ येऊन म्हणाले, "बाळ, तुझं तू म्हणत राहा." मग ते जीपकडे गेले. शालन रडली नाही. ती गाभाऱ्याच्या दाराशी आली आणि माझ्याकडे न बघता गुरवाला विचारलं, "पुरसोमामा, माझ्यात काय उणां आसा?"

"तसां विचारूचां नसता, बाय," तो म्हणाला. "नको, इतक्याच तिना सांगल्यान."

"पण नको म्हणाक कायतरी कारण आसतला."

शालनने त्याच्या हातातली ती पाकळी घेतली, डोळ्यांना लावली आणि केसांत खोवली, कारण डावी झाली तरी तो प्रसादच. मी हातात निरांजन घेऊन उभा होतो. तिला सांगायला त्याहून चांगली वेळ पुन्हा कधी येणार नव्हती. जीप अजून सुरू व्हायची होती.

आईने ते पोलकं पुरं शिवलं आणि घडी करून पेटीत ठेवलं. डिचोलीच्या मुलीला घेऊन सिनेमा झाला. पेडण्याच्या जत्रेत तंबूत तो लागला तेव्हा सगळं गाव गेलं. पडद्यासमोर लोकांनी चपला काढल्या, नारळ फोडले. शालनही आली. ती मुलगी उंबऱ्यावरचं वाक्य छाती बडवून म्हणाली, माझ्यासारखं, आणि तंबू रडला. शालन तिच्याकडे एकटक बघत होती. येताना वाटेत मला म्हणाली, "तिच्यात काय आसा जां माझ्यात नाय, तां मी बघी होतंय." मी विचारलं, "गावला?" ती म्हणाली, "नाय."

त्या वर्षीच्या उत्सवात मी पुन्हा भानाई केली. आणि चांगली केली. लोक म्हणाले, आजवरची सगळ्यांत चांगली. पहाटे बायकांची रांग लागली. त्या रांगेत शालन होती. घरची म्हणून ती आधी कधी आली नव्हती. ती वाकली आणि माझ्या पायांवर डोकं टेकलं, आणि मला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाली, "माये, माझी चूक काय ती दाखव." मी तिला उठवायला हात पुढे केला नाही. पुढच्या वर्षी नाटकवाले आले तेव्हा मी घसा बसल्याचं सांगितलं आणि मग परत कधी काम केलं नाही. लोक म्हणाले, नोकरी लागली म्हणून सोडलं.

तिचं लग्न चांगल्या घरात झालं. मुळगावात तेव्हा खाणीची लाल धूळ भातावरसुद्धा बसायची. ती म्हणायची, इकडे सगळ्यांचेच हात रंगलेले. विनोद करायची ती, अजून करते. पण गुणगुणणं बंद झालं. पहिला मुलगा जगला नाही तेव्हा ती म्हणाली, देवीने तेव्हाच सांगितलं होतं, माझ्यात काहीतरी उणं आहे. नवऱ्याला छातीचं दुखणं लागलं, तेव्हाही तेच. मुलीला कॉलेजात नाटकात घेतलं होतं, तर हिने तिला जाऊ दिलं नाही. "आमच्या घराण्यात देवीची ना आसा." मुलगी माझ्याकडे रडत आली, मामा, आईला समजाव. मी म्हटलं, बघतो. मी काय बघितलं? माझ्या हाताची चार बोटं एका माणसाच्या सगळ्या आयुष्यावर पडलेली बघितली आणि घरी येऊन जेवलो. कदाचित डावी तशीही पडली असती, हे वाक्य मी पन्नास वर्षं स्वतःला ऐकवत आलो. उजवीची कड सुटलेली मी पाहिली होती. म्हणून ते वाक्य मी इथे खोडतो.

मागच्या महिन्यात शालनचा फोन आला. "दादा, माका एकदा गावच्या देवळात नी. प्रसाद लावचो आसा." मी विचारलं, "कसलो?" ती म्हणाली, "आता वय झाला. मरच्या आधी विचारतंय, तेव्हा माझां काय चुकलेलां. ती सांगीत तर सांगीत." तिच्या मुलाने गाडी दिली. मोपाच्या विमानतळाकडे जाणारा नवा रस्ता धरून आम्ही निघालो, आणि ती सगळी वाट बोलत होती, सुनेच्या स्वयंपाकाबद्दल, गुडघ्यांबद्दल. मी एकही शब्द ऐकला नाही. देवळाच्या पायऱ्यांवर ती चपला काढायला वाकली, तेव्हा मी म्हटलं, "शालन, आत जाव नको. तां मी केलंय."

तिला कळलं नाही. मी सगळं सांगितलं. मध्ये थांबलो नाही. थांबलो असतो तर पुढे सांगता आलं नसतं. एका पायात चप्पल, एक हातात, अशी ती ऐकत होती. वरून एक विमान गेलं.

"वात पाकळीपासून किती लांब होती?" तिने विचारलं.

मी बोटांनी दाखवलं. तिने ते अंतर नीट बघितलं.

"आणि उजवी सुटलेली?"

"सुटलेली."

"म्हणजे देवीना माका कायच सांगूक नव्हता." ती पायरीवर बसली. "पन्नास वर्सां मी तिका विचारतंय, आणि तिका बिचारीक कळत नसतला, ह्या काय विचारता." मला वाटलं ती हसते आहे. ती हसत नव्हती. "माझो पयलो झील गेलो तेव्हा तू येवन बसललंस. माझो हात धरून. तेव्हा सांगलंस नाय?"

ती उठली, दुसरी चप्पल काढली. "तू हयच बस," म्हणाली, आणि आत गेली.

मी पायरीवर बसून राहिलो. आतून गुरवाचा आवाज आला, आता पुरसोचा नातू आहे, आणि गाऱ्हाण्याचे शब्द ऐकू आले नाहीत, फक्त शेवटचं "व्हय माउली" कळलं, तेही दोघातिघांचंच. मी घड्याळ बघितलं नाही. बराच वेळ गेला. ती बाहेर आली, चपला घातल्या.

"काय विचारलंस?" मी म्हटलं.

"तुझां काय करूचां तां."

"आणि?"

"पडाक नाय अजून. मी थांबाक नाय." तिने पदर खोचला. "माका आता तिच्याकडना कायच नको. तुका वाटता तर तू थांब. मी रस्त्यार रिक्षा बघतंय."

ती पायऱ्या उतरून गेली. गुडघे दुखतात म्हणून ती एकेक पायरीवर दोन्ही पाय टेकवते. मागे बघितलं नाही. मी गाभाऱ्याच्या दाराशी गेलो. आत आता विजेचा पांढरा दिवा आहे, निरांजन धरायला कुणी लागत नाही. दोन्ही पाकळ्या खांद्यांवर तशाच, ओल्या, गच्च बसलेल्या. जमिनीवर बसलेला तरुण गुरव माझ्याकडे बघून म्हणाला, "ती आजी गेली? आजोबा, ह्यो प्रसाद तुमचो काय?"

"होय," मी म्हटलं, आणि खाली बसलो.